मोटारगाडींतील पंखा कां रुसतो?



एखादें यंत्र पूर्णपणें बंद पडलें, तर त्यांत गोंधळून जाण्यासारखें फारसें कांहीं नसतें. तें बिघडलें आहे हें सर्वांना दिसतें आणि तें दुरुस्तीस जातें. परंतु जें यंत्र एका वेळीं चालतें आणि दुसऱ्या वेळीं चालत नाहीं, तें मनुष्याला बुचकळ्यांत टाकतें. मोटारगाडीच्या डॅशबोर्डाआड बसविलेला, काचेवर आणि प्रवाशांवर उष्ण किंवा थंड वारा सोडणारा पंखा हा अशा यंत्रांपैकींच एक होय. बटण एक या आंकड्यावर आणावें, तर पंखा स्तब्ध. दोनवर आणावें, तरी स्तब्ध. तीनवरहि तीच स्थिति. चारवर नेतांच मात्र तो एकदम घोंघावत सुरू होतो, जणूं त्याला कधीं कांहीं झालेंच नव्हतें!

अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पंखा चालतो आहे ना, मग चालूं द्या. दुसरा म्हणतो, मोटर जळत आली असेल, सगळा पंखाच बदलून टाका. हे दोन्ही पक्ष चुकतात. आणि ते कां चुकतात हें समजण्यासाठीं विद्युत्-शास्त्राची पदवी लागत नाहीं. जो आंकडा अद्याप चालतो आहे, त्याच्याकडे नीट लक्ष दिलें म्हणजे पुरें. न चालणाऱ्या आंकड्यांचें कारण बहुधा तोच सांगतो.

आतां कोणी विचारील, कीं आपल्या उष्ण प्रदेशांत मोटारीच्या हीटरची एवढी चिंता कशाला? याचें उत्तर मुळशी तालुक्यांत मिळतें. पुण्याहून पौडकडे निघालें, कीं पिरंगुटानंतर घोटावडे फाट्याच्या परिसरांत भरे हें गांव लागतें. या पट्ट्यांत एकीकडे कारखाने आणि नव्या वसाहती, तर दुसरीकडे भातखाचरें अशी मिश्र वस्ती आहे. येथील मनुष्य नोकरी-व्यवसायासाठीं पुण्याच्या दिशेनें जातो. आणि लग्नकार्याच्या किंवा सणावाराच्या निमित्तानें याच रस्त्यानें पश्चिमेकडे वळला, तर पौड व मुळशीचें धरण मागें टाकून ताम्हिणी घाटानें माणगांवकडे कोंकणांत उतरतो. पावसाळ्यांत या घाटांत ढग खालीं येऊन थेट रस्त्यावर टेकतात. वळणापलीकडून येणाऱ्या एस. टी. चे दिवे ती अगदीं जवळ आल्यावरच दिसतात. हिंवाळ्यांत मुळेच्या खोऱ्यांत पहांटेचें धुकें साचतें तें निराळेंच. अंग शेकण्यासाठीं हीटर लावण्याची वेळ येथें वर्षांतील थोड्याच सकाळीं येते; परंतु समोरची काच स्वच्छ ठेवण्यासाठीं त्याच हीटरचा पंखा पावसाळ्याचे चारहि महिने लागतो.

काच धुरकट कां होते, हें पाहण्यासारखें आहे. गाडींत चार माणसें बसलेलीं असतात. त्यांचे कपडे ओले, छत्र्या ओल्या, पायांखालची बैठकहि ओली. त्यांच्या श्वासांतून सतत बाष्प बाहेर पडत असतें. बाहेरून पावसाच्या सरी काचेला थंड करीत असतात. आंतील दमट हवा त्या थंड काचेला स्पर्श करते आणि तिच्यांतील बाष्प सूक्ष्म थेंबांच्या रूपानें काचेवर बसतें. हें दंव काचेच्या आंतल्या अंगास असतें. त्यामुळें बाहेरचे वायपर कितीहि जोरानें फिरविले तरी त्याला धक्काहि लागत नाहीं. फडक्यानें पुसावें तर क्षणभर काच निवळते आणि पुन्हां झांकोळते. यावर खरा उपाय एकच. काचेवर कोरडा व किंचित् उष्ण वारा सतत सोडणें. एसी लावला म्हणजे हवेंतील बाष्प त्याच्या थंड नळ्यांवर पाणी होऊन गळून जातें. तीच कोरडी हवा पुढें हीटरच्या नळ्यांवरून ऊन होऊन काचेकडे जाते. आंतलीच हवा पुन्हां पुन्हां फिरविणारें बटण मात्र त्या वेळीं बंद ठेवावें आणि बाहेरची हवा आंत येऊं द्यावी. हीटरची उष्णता कोठून येते म्हणाल, तर ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यांतून येते. ती आयती मिळते. ती काचेपर्यंत वाहून नेणें हें काम मात्र पंख्याचें आहे.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. हीटर आणि एसी यांचा पंखा एकच असतो. तोच बिघाड हिंवाळ्यांत 'हीटर गेला' आणि उन्हाळ्यांत 'एसी गेला' या दोन नांवांनीं दुकानांत पोहोंचतो. नांवें दोन, दुखणें एकच.

पंखा चारवर चालतोच आहे, मग खालचे आंकडे हवेत कशाला, असें ज्यांना वाटतें त्यांनीं घाटांतील चालकाचा विचार करावा. चारवर काच निवळते हें खरें. पण त्या घोंघावण्यांत मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकूं येत नाहीं आणि शेजारच्या माणसाची सूचनाहि ऐकूं येत नाहीं. मागें निजलेलें मूल कुरकुरूं लागतें. म्हणून चालक पंखा बंद करतो. दोन वळणें जातात न जातात तों काच पुन्हां अंधुक होते. मग एक हात चाकावर, दुसऱ्या हातांत फडकें आणि समोर ढगांत बुडालेलें वळण, असा प्रसंग ओढवतो. मंद गतीचा पंखा ही घाटांत चैन नव्हे; तो चालकाच्या डोळ्यांचा सहायक आहे.

आतां पंख्याची गति कमी-अधिक कशी होते तें पाहूं. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं छताच्या पंख्याचा तो जुना, ठोकळ्यासारखा रेग्युलेटर एके काळीं होता. त्याला हात लावला तर तो ऊन लागे. त्याच्या पोटांत तारेचीं वेटोळीं असत. विजेला पंख्याकडे जातांना या वेटोळ्यांतून जावें लागे, त्यांत तिचा कांहीं जोर उष्णतेच्या रूपानें खर्च होई आणि उरलेल्या जोरावर पंखा हळू फिरे. मोटारगाडींतील साध्या पंख्याची योजना हुबेहूब अशीच आहे. या वेटोळ्यांच्या किंवा चिनी मातीच्या पट्टीवर बसविलेल्या रोधकांच्या समुच्चयाला बाजारांत 'ब्लोअर रेझिस्टर' म्हणतात. एक या आंकड्यावर वीज सर्व वेटोळ्यांतून जाते. दोनवर त्यांतील एक गाळलें जातें. तीनवर आणखी एक गाळलें जातें. आणि चारवर वीज रेझिस्टरला पूर्णपणें वगळून सरळ मोटरकडे जाते.

ही युक्ति नवी नव्हे. मुंबईंत ७ मे १९०७ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत विजेच्या ट्राम धांवल्या. ट्रामचा चालक मूठ एकेक खांचेनें पुढें सरकवी, तेव्हां तो असेच रोधक मार्गांतून वगळीत असे. मात्र ट्राममध्यें हे रोधक गाडी सुटण्याच्या थोड्या क्षणांपुरतेच कामाला लागत. मोटारगाडींतील रेझिस्टर मात्र तासन्‌तास तापत राहतो. म्हणून त्याला थंड ठेवण्याची एक सुरेख सोय केलेली असते. तो ज्या वाऱ्याला नियंत्रित करतो, त्याच वाऱ्याच्या मार्गांत त्याला बसवितात. पंखा वारा सोडतो आणि तोच वारा रेझिस्टरला निववितो. शिवाय अनेक रेझिस्टरांवर उष्णतेनें वितळून विजेचा मार्ग तोडणारा एक चिमुकला फ्यूज बसविलेला असतो. वारा अडला आणि रेझिस्टर मर्यादेबाहेर तापला, तर हा फ्यूज स्वतः जळून गाडीला वांचवितो.

एवढें समजलें म्हणजे सुरुवातीचें कोडें आपोआप सुटतें. चारवर पंखा जोरानें फिरतो, याचा अर्थ मोटर शाबूत आहे, बॅटरीपासून तिच्यापर्यंत वीज येत आहे आणि मुख्य फ्यूजहि बहुधा ठीक आहे. खालचे तीनहि आंकडे एकदम मुके झाले, तर त्या तिघांना समान असलेली एकच वस्तु संशयास पात्र ठरते. ती म्हणजे रेझिस्टर किंवा त्याच्यावरचा उष्णतेचा फ्यूज. ज्याची मोटर बदलली जाणार होती, त्याला खरोखर एका लहानशा भागाचीच गरज होती!

इतर प्रकारहि असेच वाचतां येतात. केवळ एक हा आंकडा गेला आणि दोन, तीन, चार चालतात, तर फक्त एकसाठीं लागणारें शेवटचें वेटोळें तुटलें असावें, किंवा बटणांतील तेवढाच संपर्क झिजला असावा. याच्या उलट, एक, दोन, तीन चालतात आणि चार चालत नाहीं, तर रेझिस्टरला दोष देणें व्यर्थ. कारण चारवर वीज त्याच्यांतून जातच नाहीं. तेथें बटण, रिले किंवा चारची स्वतंत्र वायर तपासावी. एकहि आंकडा चालत नसेल, तर फ्यूज, मुख्य वायर आणि मोटर या क्रमानें पाहावें. पंख्याच्या कवचावर हलकेंच टिचकी मारतांच तो सुरू होत असेल, तर मोटरमधील कार्बनचे ब्रश झिजलेले असतात. आणि गाडी खड्ड्यांत आदळतांच पंखा बंद होऊन पुन्हां सुरू होत असेल, तर एखादा कपलर सैल आहे असें समजावें. ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखलें जातें, त्यांत बहुधा वेटोळ्यांऐवजीं इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो; त्यांना ही मोजणी जशीच्या तशी लागू पडत नाहीं.

म्हणून मेस्त्र्याकडे जाण्यापूर्वीं प्रत्येकानें एक साधें काम करावें. इंजिन सुरू करून बटण एकेका आंकड्यावर थोडा वेळ ठेवावें आणि कोणत्या आंकड्यावर काय होतें तें कागदावर लिहून काढावें. 'एसी नीट चालत नाहीं' या वाक्यापेक्षां 'एक, दोन, तीन बंद; चार सुरू' या चार शब्दांनीं दुरुस्तीचा अर्धा मार्ग संपतो. ज्याच्या हातीं असा कागद आहे, त्याला अनावश्यक भाग विकणेंहि कठीण जातें.

प्रत्यक्ष दुरुस्ति अनेक गाड्यांत अवघड नसते. पंखा बहुधा डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूस, ग्लोव्ह बॉक्सच्या मागें किंवा खालीं असतो. किल्ली काढून बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. त्या भागांत प्रवाशाच्या एअरबॅगच्या वायरी असतात. त्यांचे कपलर बहुधा पिवळे असतात, त्यांना मुळींच हात लावूं नये. पंखा नुकताच चालला असेल, तर रेझिस्टर निवूं द्यावा. तो हात पोळण्याइतका तापलेला असतो. कपलर काढून एकदोन स्क्रू सैल केले म्हणजे रेझिस्टर हातांत येतो. वेटोळें तुटलेलें असेल किंवा पट्टीवर जळल्याचा डाग असेल, तर तो डोळ्यांनाच दिसतो. न दिसल्यास मल्टिमीटर लावावा. चांगल्या वेटोळ्याचा रोध एका ओहमच्या अंशापासून कांहीं ओहमपर्यंत असतो. तुटलेल्या ठिकाणीं मीटर मार्गच नसल्याचें दाखवितो. रेझिस्टर शाबूत निघाला, तर मग बटण व वायरी तपासाव्या. त्यासाठीं त्या गाडीचा वायरींचा नकाशा जवळ असावा. कारण कांहीं गाड्यांत बटण मोटरच्या अलीकडे असतें, तर कांहींत पलीकडे.

येथें पुष्कळ लोक थांबतात. नवा रेझिस्टर बसवितात, पंखा सर्व आंकड्यांवर फिरूं लागतो आणि सर्वांना समाधान वाटतें. पुढच्या पावसाळ्यांत तोच भाग पुन्हां जळतो. मग 'हल्लीं माल चांगला येत नाहीं' असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः पहिला रेझिस्टर कां जळला, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

त्याचें उत्तर समजण्यासाठीं थोडें गणित करूं. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल यानें १८४१ सालीं असें दाखवून दिलें, कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम आहे आणि प्रवाह ८ अँपिअर आहे. आठाचा वर्ग ६४. त्याचे अर्धे म्हणजे ३२ वॅट उष्णता तेथें उत्पन्न होईल. आतां मोटरचे बेअरिंग कोरडे पडले, पंखा जड फिरूं लागला आणि प्रवाह १२ अँपिअर झाला. प्रवाह दीडपटच वाढला; पण बाराचा वर्ग १४४, त्याचे अर्धे ७२ वॅट. उष्णता दुपटीहून अधिक झाली! त्याच वेळीं पंखा मंदावल्यानें निवविणारा वाराहि कमी झाला. रेझिस्टर जळला यांत नवल तें काय?

वारा अडण्याचीं कारणें आपल्या भागांत घरोघर सांपडतात. आंब्याखालीं किंवा जांभळीखालीं गाडी लावली, म्हणजे समोरच्या काचेच्या पायथ्याशीं असलेल्या जाळींत पानें सांचतात. तीं कुजून पाण्याच्या वाटा बुजवितात; मग पावसाचें पाणी पंख्याच्या मार्गांत शिरूं शकतें. कच्च्या रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ एसीच्या फिल्टरवर थरावर थर चढते. भातशेतीच्या कडेला उभ्या असलेल्या गाडींत उंदीर घर करतात. ते गवताच्या काड्या पंख्यांत आणून ठेवतात आणि वायरीहि कुरतडतात. म्हणून नवा रेझिस्टर बसविण्यापूर्वीं पंखा हातानें फिरवून पाहावा. तो निःशब्द आणि सहज फिरला पाहिजे. फिल्टर काढून उजेडांत धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर तो बदलावा. काचेखालची जाळी वेंचून साफ करावी. शक्य असल्यास क्लॅम्प मीटरनें मोटर किती प्रवाह ओढते तें मोजून कंपनीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडून पाहावें. कपलर तपकिरी झाला असेल किंवा वितळला असेल, तर जुन्याच कपलरांत नवा रेझिस्टर खोंचूं नये. सैल संपर्क स्वतःच तापतो आणि नव्या भागालाहि जाळतो.

आतां शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उष्णतेचा फ्यूज जळलेला पाहून कांहीं चतुर लोक त्याच्या दोन टोकांना तांब्याची तार जोडून देतात. पंखा लगेच सर्व आंकड्यांवर फिरूं लागतो आणि पैसे वांचल्याचा आनंद होतो. ही चतुराई नसून ती उशाशीं निखारा ठेवून निजणें आहे. ब्रिटनमध्यें २०१५ सालीं व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा या गाडीच्या एका पिढींतील अनेक गाड्यांना पंख्याच्या याच भागापासून आगी लागल्याचें प्रकरण गाजलें. रेझिस्टरच्या उष्णतेच्या फ्यूजची अयोग्य रीतीनें दुरुस्ति झाल्याचें कंपनीनें तेव्हां सांगितलें आणि दोन लक्षांहून अधिक गाड्या तपासणीसाठीं परत बोलाविल्या. तेवढ्यानें काम भागलें नाहीं. २०१६ मध्यें गाड्या दुसऱ्यांदा बोलावाव्या लागल्या आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या वाहतूक समितीनें या प्रकरणाची चौकशी केली. ज्याची किंमत संपूर्ण गाडीच्या मानानें नगण्य, असा हा भाग. पण त्याचा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. याचा बोध स्पष्ट आहे. जळलेला फ्यूज हा शत्रु नव्हे. तो प्राण देऊन इशारा देणारा पहारेकरी आहे. त्याच्या जागीं तार जोडणें म्हणजे पहारेकऱ्याच्या जागीं बुजगावणें उभें करणें होय.

घाटांत असतांनाच खालचे आंकडे गेले, तर घाबरण्याचें कारण नाहीं. पंखा चारवर ठेवून काच स्वच्छ राखावी, आवाज सोसावा आणि वेग कमी करावा. बाजूच्या काचा बोटभर खालीं घेतल्या तर आंतील बाष्प बाहेर जातें आणि हॉर्नहि ऐकूं येतो. जळका वास आला, तर मात्र पंखा तत्काळ बंद करावा आणि रस्ता रुंद असेल अशा सुरक्षित जागीं गाडी थांबवावी. पंखा मुळींच चालत नसेल, तर मुसळधार पावसांत घाट चढण्याचा हट्ट करूं नये. पौडला किंवा पिरंगुटला दुरुस्ति करून घेऊन उशिरां पोहोंचणें केव्हांहि बरें.

आजकाल नादुरुस्त वस्तु फेकून नवी घेण्याकडे आपला कल वाढला आहे. पंख्याच्या या लहानशा दुखण्यांत त्याविरुद्ध एक धडा आहे. बिघडलेल्या वस्तूंतील काय चालतें हें आधीं पाहावें. त्यावरून काय बिघडलें हें शोधावें. आणि तें कां बिघडलें याचा शोध लागल्यावांचून हातांतील पाना खालीं ठेवूं नये. एवढी शिस्त पाळणाऱ्या घरांतील गाडी पावसाळ्यांत ताम्हिणी ओलांडील, तेव्हां तिच्या चालकाला समोरचें वळण स्वच्छ दिसेल.